बारा बोअरचा साडू

बंदूक घ्यायची, हे मी एका रविवारी सकाळी पोह्यांसाठी कांदा चिरता चिरता ठरवलं. डोळ्यांत पाणी होतं, पण ते कांद्याचं नव्हतं. (म्हणजे थोडं कांद्याचं होतं. बाकीचं साडूचं.)

मी अजिनाथ. केडगावात राहतो, नगरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. पोरांना बोनाफाईड सर्टिफिकेट देणं हे माझं काम. आजवर मी कुणावर हात उगारलेला नाही. डासावर उगारतो, पण तो उडून जातो आणि हात मलाच लागतो. अशा माणसाला बंदूक कशाला हवी, असं तुम्ही विचाराल. माझ्या बायकोनंही विचारलं. खरं तर तिनं विचारायला नको होतं, कारण मुळात सगळं झालं ते तिच्यामुळेच.

माझ्या बायकोची, सुकन्याची, थोरली बहीण रेश्मा काष्टीला दिलेली आहे. तिचा नवरा रविराज हा माझा साडू. उसाचा बागायतदार, दारात गाई, अंगानं धिप्पाड, आणि मिशा अशा की त्यांना वेगळा चहा ठेवावा. त्यानं ट्रॅक्टर घेतला, मी काही बोललो नाही. पांढरी गाडी घेतली, तेही पोटात घातलं. पण मागच्या वर्षी त्यानं रीतसर लायसन्स काढून बंदूक घेतली. शिकारीसाठी नव्हे. शिकारीला बंदी आहे. आपल्याकडे सशाकडे नुसतं वाकड्या डोळ्यानं बघितलं तरी वनखातं दारात येतं. हा नेमबाजी करायचा. यंत्रातून मातीच्या तबकड्या हवेत उडतात आणि त्या बंदुकीनं फोडायच्या. लहानपणी आम्ही घरातल्या बशा फोडायचो तेव्हा मार खायचो. हा फोडतो तर ह्याला मेडल मिळतं!

आणि रोज सकाळी फॅमिली ग्रुपवर फोटो. रविराज बंदुकीसह उभा. रविराज बंदुकीसह बसलेला. रविराज बंदूक पुसताना. खाली 'गुड मॉर्निंग'.

त्या रविवारी सुकन्यानं फोटो मोठा करून बघितला, परत छोटा केला, परत मोठा केला आणि म्हणाली, "दाजी किती रुबाबदार दिसतात, नाही? नाहीतर काही माणसं..." आणि तिनं माझ्या हातातल्या सुरीकडे बघितलं.

वाक्य तिनं पुरं केलं नाही. सुरी मात्र माझ्या बोटात पुरी गेली.

त्याच दिवसापासून मी अभ्यासाला लागलो. बोटाला पट्टी बांधून युट्यूबवर बसलो. मला रविराजच्या बंदुकीपेक्षा भारी बंदूक हवी होती. तिनं तबकड्याही फुटल्या पाहिजेत, खेळही झाला पाहिजे, आणि उद्या कुणी परदेशात शिकारीला बोलावलंच (कोण बोलावणार, हा प्रश्न मी बाजूला ठेवला) तर बदकंही पडली पाहिजेत. थोडक्यात ऑलराउंडर. एक गोरा साहेब चिखलात उभा राहून सांगायचा, मी ऐकायचो. बारा बोअर की वीस बोअर? नळ्या शेजारी शेजारी की एकावर एक? नळी अठ्ठावीस इंची की तीस? महिनाभरात मी असा तयार झालो की ऑफिसात एका पोरीनं विचारलं, "सर, बोनाफाईड कधी मिळेल?" तर मी म्हणालो, "आधी चोक बघावा लागेल." चोक म्हणजे नळीच्या तोंडाचा आवळपणा. नळी आवळ तर छर्रे एका जागी जातात, सैल तर पसरतात. पोरगी घाबरून पुढच्या आठवड्यात आली.

सुकन्याला मी म्हणालो, "दाजींची बंदूक तशी साधीच आहे बरं का."

"बंदूक साधी असंल. माणूस साधा नाहीये," ती म्हणाली.

मी लायसन्सचा अर्ज टाकला.

अर्ज टाकला की पोलीस चौकशीला येतात. आमच्याकडे हवालदार गोरक्षनाथ आले. पोट सुटलेला, गोड बोलणारा, कनवाळू माणूस. सुकन्या भाजी आणायला गेली होती म्हणून मीच चहा केला. चहाचा पहिला घोट घेऊन ते जरा थांबले, मग कप लांब ठेवून म्हणाले, "साहेब, शेती हाय का?"

"नाही. फ्लॅट आहे. दुसरा मजला."

"मग बंदूक कशाला? जिवाला कुणाचा तरास?"

आता मला सांगा, इतक्या मायेनं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. महिनाभर साचलेलं होतं. मी म्हणालो, "त्रास म्हणजे काय हवालदारसाहेब, रात्र-रात्र झोप नाही."

"कुणाचा?"

"साडूचा."

ते सावरून बसले. "धमकी देतो?"

"तोंडानं एक शब्द बोलत नाही. फोटो पाठवतो. बंदूक घेऊन. रोज सकाळी."

"आरारारा! आन् वर काय लिव्हतो?"

"गुड मॉर्निंग."

हवालदारांनी दीर्घ श्वास घेतला. "लई मुरलेला दिसतोय. बरं, ह्याच्यात बाईमाणसाचा काही संबंध?"

"तीच तर मूळ आहे! माझी बायको. उठता-बसता तिच्या तोंडी दाजी. दाजींसारखा माणूस नाही म्हणे."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. "साहेब, तुमी काळजी करू नका. आमी बसलोय ना." आणि जाताना तो चहाही एका दमात पिऊन गेले. केवळ माझ्या दुःखाचा मान ठेवायचा म्हणून.

मन मोकळं झालं. बाईमाणसानं माहेरी जाऊन यावं, तसं वाटलं.

नंतरच्या आठवड्यात एका सकाळी ग्रुपवर फोटो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी भाकरी एक जास्त खाल्ली. तिसऱ्या दिवशी जेवताना सुकन्याला रेश्माचा फोन आला आणि ती उभीच राहिली.

"काय सांगतेस ताई! पोलीस? घरी?... बंदूक जमा करायला लावली? अन् दाजींची शनिवारी मॅच आहे ना?"

मी पिठल्याचा वाडगा पुढं ओढून घेतला. खोटं कशाला बोलू, पिठलं एकदम वेगळंच लागायला लागलं. सुकन्या फोन ठेवून डोळे पुसत म्हणाली, "दाजींपासून जिवाला धोका आहे, असं कुणीतरी सांगितलंय. अहो, कोण असंल हो मेला?"

"भावकीतलाच कुणीतरी," मी म्हणालो. "लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही, सुकन्या. हलकट असतात."

(देवाशपथ सांगतो, तोवर माझ्या डोक्यात काहीही आलेलं नव्हतं. मी मनापासून शिव्या देत होतो. अजून दोन दिल्या.)

तेवढ्यात दाराची बेल वाजली. दारात गोरक्षनाथ हवालदार. मला बघताच त्यांनी कडक सॅल्यूट मारला आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "साहेब, काम फत्ते! तुमच्या साडूची बंदूक जमा करून घेतली. आता बिनघोर झोपा. मॅडम, तुमच्याशी जरा नाजूक इषयावर बोलायचं हुतं."

त्यानंतरचा अर्धा तास मी तुम्हाला सांगणार नाही. एवढंच सांगतो की सुकन्या ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त माझ्यासमोरचा पिठल्याचा वाडगा उचलला आणि हवालदारांना वाढला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे पोलीस ठाण्यात. एका बाकावर मी, समोरच्या बाकावर रविराज आणि रेश्मा. सुकन्याही त्याच बाकावर, त्यांच्या बाजूला. साहेब तरुण होते. त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला यांच्यापासून जिवाला धोका आहे का?"

"नाही साहेब."

"मग काय आहे?"

काय सांगणार? ठाण्यात बसून बायकोसमोर, मेव्हणीसमोर आणि त्या मिशांसमोर सांगावं लागलं. "जळफळाट आहे, साहेब."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "हे कुठल्या कलमात बसत नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, आता रविराज माझी गचांडी धरणार. मनातून तशी इच्छाही होती. त्यानं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर निदान तो वाईट तरी ठरला असता. पण नाही! तो हसायला लागला. बाक हलेपर्यंत हसला आणि मला मिठी मारून म्हणाला, "साडूभाऊ, आवो एवढंच हुतं तर सांगायचं ना! शनिवारी या रेंजवर. क्लबची बंदूक हाय, सुभेदार हाईत शिकवायला. तुमी बी हाना की बार!"

"बघा," सुकन्या म्हणाली. "याला म्हणतात माणूस."

म्हणजे आता तो रुबाबदार होताच, वर थोर मनाचाही झाला. साहेबांनी त्याची बंदूक परत दिली, मी अर्ज मागं घेतला, पण जळफळाट काही मागं घेता येईना.

शनिवारी सकाळी आम्ही काष्टीच्या पुढच्या माळावर गेलो. तिथं भागवत नावाचे रिटायर सुभेदार क्लब चालवतात. टेबलावर चार बंदुका मांडलेल्या. रविराज म्हणाला, "सुभेदार, आमच्या साडूंचा लई अभ्यास हाय. त्यांलाच इचारा ह्यातली कुठली घ्यावी."

घसा खाकरून मी सुरू झालो. बारा बोअरच का, वीस का नको, एकावर एक नळ्या असल्या की नजर कशी एका रेषेत राहते, बदलता चोक असला की एकच बंदूक सगळ्या कामाला कशी चालते. बोलत बोलत मी दुसऱ्या बंदुकीवर बोट ठेवलं. सुभेदार म्हणाले, "बरोबर. मी पण हीच दिली असती."

मी सुकन्याकडे बघितलं. लग्नाच्या अल्बममध्ये ती माझ्याकडे जशी बघते, तशी बघत होती. आयुष्यात तिथंच थांबायला हवं होतं. पण सुभेदारांनी बंदूक माझ्या हातात दिली.

गोऱ्या साहेबानं सगळं सांगितलं होतं, वजन सांगितलं नव्हतं. मी दस्ता खांद्याला लावला. "सोड" म्हणून ओरडायचं, मग समोरच्या खड्ड्यातला माणूस बटण दाबतो आणि तबकडी उडते. मी "सोड" म्हणालो. तबकडी उडाली. बार झाला. डोळे उघडले (ते मिटलेले होते हे तेव्हाच कळलं) तर मी जमिनीवर बसलो होतो, खांदा कुठंतरी मागं राहिला होता आणि तबकडी आरामात खाली उतरत होती.

"पह्यल्यांदा असंच हुतं," रविराज म्हणाला. दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसऱ्यांदा मी बार काढायच्या आधीच बसलो. त्यानंतर शेजारी दुसऱ्या कुणी बार काढला तरी मी दचकून बसायला लागलो.

"मी बघू का एकदा?" सुकन्या म्हणाली.

आम्ही दोघं साडू एकदमच हसलो. तिनं पदर खोचला. सुभेदारांनी पाय कसे ठेवायचे, गाल कुठं टेकवायचा ते सांगितलं. तिनं बंदूक अशी उचलली, जशी ती सूप उचलते. "सोड!" म्हणाली आणि आभाळात तबकडीचा भुगा झाला.

"चुकून लागलं," मी म्हणालो.

पुढची चुकून लागली. तिच्या पुढचीही. मग चुकून लागायचं थांबेचना. सुभेदारांनी टोपी काढली. "ताई, तुम्ही आधी कुठं शिकला होता?"

"कुठं नाही हो. पुणतांब्याला लहानपणी ज्वारीवरची पाखरं राखायचे. गोफण चालवायचे. पाखराच्या जरा पुढं मारायचं, एवढंच."

माळावर होते नव्हते ते सगळे तिच्याभोवती गोळा झाले. रेश्मा फोटो काढत होती. ती स्वतःच्या नवऱ्याचे फोटो काढते त्यापेक्षा जास्त. थोड्या वेळानं रविराजची मॅच झाली. त्याच्या ओळीनं तबकड्या हुकल्या. मॅच संपली तरी त्याच्याकडे कुणी बघेना. सगळे सुकन्याच्या भोवती.

तो येऊन माझ्याशेजारी दगडावर बसला. मिशा जरा खाली आल्या होत्या.

"लई नशीब असतंय एकेकाचं," तो म्हणाला.

"पहिल्यांदा कुणाचंही लागतं," मी म्हणालो.

"व्हय ना. वारा बी पडला हुता तिच्या वक्ताला."

"आणि तबकड्या मोठ्या होत्या."

त्यानं मला अर्धा पेरू दिला. इतक्या वर्षांत त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा खऱ्या अर्थानं साडू झालो.

निघताना सुभेदार आमच्याकडे आले. "ताईंना दर रविवारी आणा. जिल्ह्याच्या टीमसाठी तयार करतो. आणि साहेब, तुमच्याशीही एक काम होतं."

माझी छाती फुगली. शेवटी अभ्यासाला किंमत असतेच. "सल्लागार म्हणून का?"

"नाही. आमचा खड्ड्यात बसून बटण दाबणारा माणूस गावी गेलाय. 'सोड' म्हटल्याबरोबर बटण दाबलं गेलं पाहिजे, जरा उशीर चालत नाही. तुम्ही आवाज झाला की लगेच दचकता. तुमच्याइतका पटकन दचकणारा माणूस मी आर्मीतही बघितला नाही."

आता दर रविवारी मी खड्ड्यात असतो. वर सुकन्या उभी राहते, "सोड!" म्हणते, मी दचकतो, तबकडी सुटते आणि तिचा भुगा माझ्या डोक्यावर पडतो. ग्रुपवर रोज सकाळी तिचे फोटो येतात. रविराज त्यांना अंगठा देत नाही. मीही देत नाही.

परवा मॅच बघायला पुण्याहून काही मंडळी आली होती. वरून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. तिच्या नेमाचं कौतुक झालं, बंदुकीचं झालं. मग त्यातला एक जण खड्ड्याजवळ येऊन सुभेदारांना म्हणाला, "आणि काय टायमिंग आहे हो! जराही मागं-पुढं नाही." मी वर मान करून हात जोडणार, तेवढ्यात तो पुढं म्हणाला, "मशिन कुठल्या कंपनीचं आहे?"