पडवीची फी

पास्कू अंकल भर मे महिन्यातही छत्री घेऊन फिरतात, पण ती उघडलेली कुणी पाहिलेली नाही. छत्रीने ते जमीन मोजतात. दांड्यावर फुटांच्या लाल खुणा आहेत, गेलेल्या बायकोच्या नेलपॉलिशने केलेल्या.

मालवणजवळच्या या गावात कुणाला घरामागे एखादी खोली काढायची असली, तर तो पंचायतीत जाण्याआधी अंकलकडे जातो. परवानगीची फी किती पडेल ते अंकल सांगतात. छाननी शुल्क, विकास शुल्क, कामगार उपकर, सगळं तोंडपाठ. उभा जन्म कारकुनीत गेला. आकडा सांगून झाला की म्हणतात, "हो अंदाज, पावती नाय." अंदाज कमी निघालाच, तर दुसऱ्या दिवशी त्या घरी फरकाच्या पैशांचे बांगडे पोचवतात.

मी जत तालुक्यातला. आठवीत शाळा सुटली, गवंडीकाम हाताला लागलं आणि कामामागे फिरत इथे आलो. कागद बघितला की अजून भीती वाटते. फॉर्म वाचायला मला अंकलनीच शिकवलं, ते उपकार फिटायचे नाहीत.

फी वाचवणं हे त्यांचं व्यसन. पहिली कुऱ्हाड पडवीवर. शेजारच्या शेवंतीकाकू सुनेसाठी मागे खोली काढत होत्या, तेव्हाची गोष्ट.

"पडवी काप गो. तिचीय फी लागता."

"मगे सांजेची मी बसू खंय?"

"उंबऱ्यार बस. उंबरो फुकट आसा."

"मेल्या, मगे तुझी छत्री तरी उघडून दी माका!"

पडवी गेलीच. अशा सात-आठ खोल्या मी बांधल्या, एकीलाही पडवी नाही.

अंकलच्या स्वतःच्या घरामागे मात्र चार खुंट्या कित्येक वर्षं नुसत्या ठोकलेल्या. दरवर्षी मोजायचं, नवा अंदाज काढायचा, अर्ज भरायचा नाही. घरात ते एकटेच. विचारलं की म्हणायचे, "अर्जात विचारतत, खोली कोणासाठी. काय लिवू?"

यंदा माझ्या खोलीच्या मालकाने सांगितलं, दिवाळीनंतर सोड, पर्यटकांना द्यायचीय. बायको आणि पाच वर्षांची गौरी गावी. यंदा आणतो म्हणून शब्द दिलेला. आणू कुठे? दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती उभ्या करून काळजी करायचंही त्राण उरत नाही, तरी काळजी होतेच. चहा पिताना अंकलना बोलून गेलो. ते कप खाली ठेवून छत्री घेऊन उठले. जास्त बोललो की काय, म्हणून मी आणखीच घाबरलो.

सकाळी त्यांनी घरामागे बोलावलं. हातात भरलेला अर्ज. 'खोली कोणासाठी' याच्यापुढे माझं नाव, बायकोचं, गौरीचं. पुढच्या ओळी मला नीट दिसेनात.

"सामान माझा, काम तुझा. भाड्याचा मगे बघू."

मान खाली घातली तर चार खुंट्यांपुढे आणखी दोन दिसल्या.

"अंकल, ही पडवी? फी वाढेल."

"वाढांदे."

छत्रीवर हात टेकून त्यांनी विचारलं, "तुझी पोरगी बडबडता काय रे?"

"लई," मी भीतभीतच म्हणालो.

अंकलनी पडवीची एक खुंटी उपटली आणि छत्रीने मोजून दोन फूट पुढे, आपल्या स्वयंपाकघराच्या दाराकडे ठोकली. मग दुसरी. फीचा नवा अंदाज त्यांनी काढला नाही.