दोन कार्ब्युरेटर आणि मूठभर मोहरी

इंजिनाचं ट्यूनिंग या विषयावर अख्ख्या येरमाळ्यात माझ्याइतका अभ्यास कुणाचाच नाही. हे मी गर्वानं सांगत नाही. दुसऱ्या कुणी तो केलेलाच नाही.

माझ्याकडं एक गाडी आहे. लाल, दोन दारांची, दोनच सीटांची परदेशी स्पोर्ट्स कार. वयानं आमच्या अप्पांपेक्षा, म्हणजे वडिलांपेक्षा, दोन वर्षांनी धाकटी. सोलापूरच्या एका भंगारवाल्याकडं ती कोंबड्यांचं खुराडं म्हणून कामाला होती. मी तिची सुटका केली आणि मग तिच्यात सुधारणा केल्या. पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन बसवले. बॉनेटला भोकं पाडून त्यांची कर्ण्यासारखी तोंडं वर काढली. सायलेन्सर दोन्ही दारांखालून बाहेर सोडले. गाडी सुरू झाली की शेजारच्या सारजाबाईंची म्हैस पान्हा चोरते. एवढा दरारा!

तेवढ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, राजेश्वरीचं लग्न ठरलं. नवरदेव बेंबळीचे, नाव शंभू. लग्न आमच्या दारात. परण्याला, म्हणजे मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतच्या मिरवणुकीला, त्यांनी घोडा सांगून ठेवला होता. मी भर बैठकीत उठलो आणि म्हणालो, "घोडा रद्द करा! दाजींना मी माझ्या गाडीतून आणणार. बारा एकतीसच्या अक्षता म्हंजे बारा एकतीसलाच!"

घोडा रद्द झाला. त्याच तारखेला त्याला दुसरं लग्न मिळालंसुद्धा. घोड्यांना काय, मागणी असते.

राजेश्वरीनं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"दादा, गाडी मधीच बंद पडली तर?"

"न्हाय पडणार."

"आन् पडली तर? जन्मभर मला ऐकून घ्यावं लागंल. सासूबाईंनी आत्तापासूनच त्या घोड्याचा फोटो मोबाइलवर लावून ठिवलाय!"

"शब्द देतो. बंद पडणार न्हाय म्हंजे न्हाय!"

अडचण एवढीच होती की गाडी नेमकी बंदच पडत होती. जोरात पळवली तर मस्त. पण परण्याचा वेग म्हणजे गाण्याला चार पावलं, त्यातली दोन मागं! एवढं हळू चालवलं की इंजिन आचके द्यायचं, कर्ण्यातून फुर्रकन जाळ काढायचं आणि मान टाकायचं.

मग मी हत्यारं निवडायला बसलो. आठवडाभर बसलो. एका जर्मन आजोबांचा व्हिडिओ चौदा वेळा बघितला. त्यांचा एक शब्द कळला नाही, पण माणूस सज्जन वाटला. शेवटी दोन वस्तू मागवल्या. एक टायमिंग लाइट. दिसायला पिस्तूल, ठिणगी कधी पडते ते लखलख करून दाखवतो. दुसरं व्हॅक्यूम गेज, म्हणजे गोल काट्याचं मीटर आणि त्याला रबरी नळी. इंजिन श्वास किती जोरात ओढतंय ते सांगतं.

पार्सल मी ओसरीवर उघडलं, ही चूक झाली.

"बीपीचं आणलंस व्हय रं?" सारजाबाई कुंपणावरून म्हणाल्या. "बघ बाबा माझंबी."

मी नाही म्हणेपर्यंत अकरा बाया दंड उघडे करून रांगेत बसल्या. पण मान घरच्या कर्त्याचा, म्हणून आमच्या वडिलांनी, महारुद्र अप्पांनी, नळी स्वतःच दंडाला गुंडाळली आणि काट्याकडं बघितलं.

"शून्य!" अप्पा म्हणाले आणि तिथंच आडवे झाले.

"अप्पा, ते इंजिनाचं हाय!"

"असू दे की. पर माझं शून्य का आलं?"

पुढं दोन दिवस अप्पांनी जड काही उचललं नाही.

गाडीला हात लावायला मी हायवेवरच्या शांतलिंग मिस्त्रींना बोलावलं. तीस वर्षं ट्रकांची इंजिनं उघडलेला माणूस. त्यांचं हत्यार एकच, हातभर लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे.

"हे रुखवत कुणी मांडलं?" माझी हत्यारं बघून त्यांनी विचारलं.

"मिस्त्री, हा टायमिंग लाइट. यात ठिणगी कधी पडती ते दिसतं."

"बघायची कशाला? मला ऐकू येती."

"ठिणगी ऐकू येती?"

"तुला न्हाय येत?" त्यांनी माझ्याकडं अशा दयेनं बघितलं की मी स्वतःचा कान चाचपला.

वाद पेटला. मी म्हणायचो काटा खरा, ते म्हणायचे कान खरा. लग्न दोन दिवसांवर आलं, तरी एकही स्क्रू हलला नव्हता! शेवटी अप्पा उठले. शेताच्या बांधावरून होणारी भांडणं मिटवण्यात अप्पांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही. त्यांनी इंजिनाभोवती एक फेरी मारली, कार्ब्युरेटर मोजले आणि निकाल दिला.

"दोन हायती. वाटणी करा!"

डावा मिस्त्रींच्या वाट्याला आला, उजवा माझ्या. अप्पांनी खडूनं इंजिनावर मधोमध रेघ ओढली. हा बांध! मी माझ्या हद्दीतला स्क्रू काटा बघून पिळला, मिस्त्रींनी त्यांच्या हद्दीतला कान लावून. एकदा माझी पक्कड रेघेपलीकडं टेकली, तर मिस्त्री ओरडले, "अप्पा, ह्यो बांध कोरतोय बगा!"

निकाल असा लागला की उजवं इंजिन मांजरासारखं गुरगुरायला लागलं आणि डावं घाट चढणाऱ्या ट्रकसारखं. दोघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. दर चार-पाच सेकंदांनी डाव्या कर्ण्यातून वीतभर जाळ निघायचा. पण गाडी बंद पडली नाही! मिस्त्री म्हणाले कानामुळं, मी म्हणालो काट्यामुळं.

लग्नाच्या दिवशी अकरा वाजता दाजी फेटा सावरत गाडीत बसले. बँड सुरू झाला. बेंबळीकर नाचायला लागले आणि बारा वाजून गेले तरी आम्ही देवळाच्या पायरीपासून जेमतेम वीस हात पुढं आलो होतो.

"मेव्हणे," दाजी हळूच म्हणाले, "बॉनेटातून आग यायलीय."

"सजावट आहे, दाजी."

दाजी शिकलेले. त्यांनी फेट्याचा शेव आत ओढून घेतला. पण इंजिनानं आचका दिला. मग दुसरा. गाडी आता मान टाकणार, हे मला कळलं. मागून माझ्या मोठ्या आत्या, दगडाबाई, नाचणाऱ्यांना कोपरानं बाजूला सारत आल्या.

"दृष्ट लागली गाडीला! समद्या बेंबळीचे डोळे तिच्यावर हायती!"

नवरदेवाची दृष्ट काढायला आत्यांनी मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या आणल्याच होत्या. त्यांनी एकाच हिशेबात दाजी आणि गाडी दोघांवरून तीनदा मूठ ओवाळली. आता हे सगळं विस्तवात टाकायचं असतं. आत्यांनी इकडं-तिकडं बघितलं.

"इस्तू कुठं मिळंल रं?"

नेमका तेवढ्यात डाव्या कर्ण्यातून जाळ निघाला.

"ह्यो काय, हितंच हाय की!"

"आत्या, न्हाय!"

पण मूठ उघडली होती. कर्ण्यानं मीठ, मोहरी, मिरच्या असं सगळं सुर्रकन ओढून घेतलं. जर्मन आजोबांच्या व्हिडिओत हे नव्हतं!

आणि मग इंजिनाच्या दोन्ही बाजू पहिल्यांदाच एका आवाजात बोलल्या. अशा बोलल्या, की देवळावरचे पारवे उडाले! मिरचीचा देठ कार्ब्युरेटरच्या आतल्या झडपेत अडकला होता आणि ती मिटायला तयार नव्हती, म्हणून मी पाय काढला तरी गाडी पुढंच ओढत होती. दोन्ही दारांखालून मिरचीचा धूर सुटला.

आमच्याकडं असं मानतात की खरी दृष्ट लागली असेल, तर मिरच्या जळूनही ठसका येत नाही. इथं अख्ख्या बेंबळीला ठसका लागला. तुतारीवाला तुतारीत खोकला. आत्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि समाधानानं म्हणाल्या, "दृष्ट नव्हतीच बगा!"

लोक पळत सुटले. रस्ता एकच, मांडवाकडं जाणारा. मागून आम्ही. गाडी मागं लागलीय म्हणून वऱ्हाड पळत होतं, आणि वऱ्हाड पळतंय म्हणून गाडीला वाट मिळत होती.

"बंद करा!" दाजी फेटा तोंडावर धरून ओरडले. "किल्ली फिरवा, मेव्हणे!"

"न्हाय दाजी! बंद पडणार न्हाय असा शब्द दिलाय!"

बारा एकोणीसला मी मांडवाच्या दारात किल्ली फिरवली. येरमाळ्यात नवरदेव मुहूर्ताआधी पोचल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. गुरुजींच्या हातात चहा होता, तो त्यांनी तसाच खाली ठेवला.

अंतरपाट धरला. पलीकडं दाजी उभे. डोळे लाल, नाक वाहतंय, हुंदक्यावर हुंदका. बायकांच्यात कुजबूज झाली, "नवरी अजून रडली न्हाय, आन् नवरदेव बगा! लई मायाळू हाय पोरगा!" सासूबाईसुद्धा पदर डोळ्यांना लावून होत्या. ठीक बारा एकतीसला सहाशे लोकांनी एका हातानं अक्षता टाकल्या आणि दुसऱ्यानं डोळे पुसले. व्हिडिओवाल्यानं त्या प्रसंगावर नंतर बासरी टाकली.

संध्याकाळी पाठवणीला कुणाच्याच डोळ्यांत पाणी शिल्लक नव्हतं. राजेश्वरी सगळ्यांच्या पाया पडून शेवटी माझ्याकडं आली. माझा हात तिनं दोन्ही हातांत घेतला.

"दादा, शब्द पाळलास. गाडी बंद पडली न्हाय."

मी दुसऱ्या हातानं कॉलर ताठ केली.

"एक मागू? न्हाय म्हणू नगंस."

"माग की गं! काय बी माग!"

"दिवाळीला मला न्यायला येशील ना," ती म्हणाली, "तवा एष्टीनं ये."