बारा टॉवेल आणि एक टब

फर्निचरच्या कारखान्याचे मालक सोमवारी सकाळी आले आणि कोणावरही ओरडले नाहीत. दारात आडव्या पडलेल्या फळीला अडखळले, तरी "कोणी ठेवली रे ही इथे?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य काही आलं नाही. फळी त्यांनी स्वतः उचलून भिंतीला टेकवली. ते बघून करवत चालवणाऱ्याने करवतच बंद केली. तेव्हापासून शुक्रवारपर्यंत सगळे दबक्या आवाजातच बोलत राहिले.

झालं होतं असं, की रविवारी चर्चमध्ये उपासना संपल्यावर पाळकांनी मंडळीतल्या धंदेवाल्यांना थांबवून घेतलं होतं. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तुम्ही आपल्या माणसांसाठी काय करता, एवढंच त्यांनी विचारलं. बाकीचे मान डोलावून घरी जेवायला गेले. मालकांच्या मात्र ते जिव्हारी लागलं. त्यांचा हुशार पॉलिशवाला मागच्याच महिन्यात सोडून गेला होता, आणि मोठे मिस्त्री हल्ली "हो" आणि "बरं" यापलीकडे बोलत नव्हते. मिस्त्री गेले तर कारखान्याला टाळंच लावावं लागलं असतं. बाकीचे कारागीर त्यांच्याच हाताखाली काम शिकत होते.

"शुक्रवारी मी सगळ्यांचे पाय धुणार आहे," मालकांनी बायकोला सांगितलं.

"आधी सांगून ठेवा हो त्यांना."

"प्रभूने कुठे आधी सांगितलं होतं?"

"प्रभू रोज सकाळी शिष्यांवर खेकसत नव्हता," बायको म्हणाली.

हे मालकांनी कानाआड केलं. त्यांनी एक मोठा टब आणला, माणशी एक याप्रमाणे बारा नवे टॉवेल आणले आणि केबिनमधल्या कपाटात दडवले. नुसते पाय धुऊन लोकांना उपाशी कसं पाठवायचं, म्हणून बेकरीत पावही सांगून ठेवले.

ऑफिसचं काम बघणाऱ्या बाई चर्चच्या गायनमंडळात होत्या. स्टेपलर शोधायला त्यांनी कपाट उघडलं, आत टब आणि बारा टॉवेल दिसले आणि नेमका तेव्हाच शुक्रवारचे पाव किती वाजता पाठवू, असं विचारायला बेकरीतून फोन आला. बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुपारच्या सुट्टीत त्या डबा न उघडताच सगळ्यांमध्ये येऊन बसल्या.

"प्रभूने आधी शिष्यांचे पाय धुतले, मग सगळ्यांना पाव मोडून दिला. कोणतं जेवण ते?"

"कोणतं?" ड्रायव्हरने विचारलं. तो फक्त लग्नांपुरता चर्चमध्ये जायचा.

"शेवटचं."

ड्रायव्हरचा घास हातातच राहिला. "म्हणजे कारखाना बंद?"

"नाहीतर काय? म्हणून तर ओरडत नाहीत. आणि आपण आहोत मोजून बारा."

"बारा असलो तर काय झालं?"

"प्रभूच्या त्या बारा शिष्यांतला एक फितूर होता," बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पंचाईत अशी होती, की तो फितूर आपणच असणार अशी प्रत्येकाला मनातून खात्री होती.

शुक्रवारी सकाळी पहिला ड्रायव्हर केबिनमध्ये आला. "साहेब, टेम्पोला पोचा आला ना, तो गाईने नव्हता मारला. मीच मागे घेताना खांबावर घातला."

मालकांचा चेहरा लाल झाला. शब्द अगदी ओठांवर आले होते, पण समोर टॉवेलांचं कपाट होतं. ते कपाटाकडे बघत म्हणाले, "बरं झालं सांगितलंस."

ड्रायव्हर बाहेर आला. "काही बोलले नाहीत. बरं झालं म्हणाले."

"संपलं मग," बाई म्हणाल्या.

मग रांगच लागली. एकाने सांगितलं, की गिऱ्हाइकाच्या नव्या पलंगावर तो रोज दुपारी डुलकी काढतो. दुसऱ्याच्या हातून मोठा आरसा फुटला होता आणि गिऱ्हाइकाला त्याने दोन छोटे आरसे हीच नवी पद्धत म्हणून पटवून दिले होते. शेवटी बाईंनीही कबुली दिली. मालकांच्या मेहुण्याचा फोन आला, की साहेब बाहेर गेलेत असं त्या दोन वर्षं सांगत आल्या होत्या.

"ते चालू ठेवा," मालक म्हणाले.

दुपारी मोठे मिस्त्री दारात येऊन उभे राहिले. "समोरच्या कारखान्यातून बोलावणं आलंय. सोमवारी होकार कळवणार आहे. तुमच्या पाठीमागे काही करायचं नव्हतं, म्हणून सांगतोय."

"अहो, पण का?"

"ते मला बोलायला लावू नका," असं म्हणून मिस्त्री निघून गेले.

संध्याकाळी कोमट पाण्याचा टब घेऊन ते बाहेर आले, तर बाराही जण आपापलं सामान बांधून उभे.

"हत्यारं कशाला बांधलीत?"

"शेवटचं भोजन ना, साहेब," ड्रायव्हर केविलवाणा होऊन म्हणाला.

मालकांना ते कळायला जरा वेळच लागला. "अरे, कोणी काढून टाकत नाहीये तुम्हाला. मी फक्त पाय धुणार आहे." सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं आणि बाई छताकडे बघू लागल्या.

आता नोकरी गेली नव्हती, पण बूट काढायला कोणी तयार होईना. प्रत्येकाला आपल्या मोज्यांची अवस्था ठाऊक होती. शेवटी वडीलधारे म्हणून मिस्त्री स्टुलावर बसले आणि त्यांनी एक बूट आणि मोजा काढला. मालक गुडघे टेकून बसले. पाय त्यांनी नीट धुतला, बोटांच्या बेचक्यांतला भुसासुद्धा काढला आणि नव्या टॉवेलने पुसला.

"दुसरा द्या."

मिस्त्रींनी दुसरा पाय स्टुलाखाली ओढून घेतला.

"प्रभूच्या शिष्याने, पेत्रानेही आधी नकोच म्हटलं होतं, मिस्त्री."

"पेत्राचं पेत्र बघेल. साहेब, ते चर्चचे बाक."

मिस्त्रींनी बनवलेले ते बाक इतके उंच झाले होते, की प्रार्थनेच्या वेळी निम्म्या मंडळीचे पाय हवेत लोंबकळत. त्यावरून मालकांनी चर्चच्या आवारात, पाळकांसमोर आणि सगळ्या मंडळीसमोर मिस्त्रींची खरडपट्टी काढली होती.

"माप कोणी सांगितलं होतं?" मिस्त्रींनी विचारलं.

मालकांना उत्तर माहीत होतं. त्याच दिवशी घरी पोचेपर्यंत ते त्यांच्या लक्षात आलं होतं. ते घाईघाईने उठायला गेले आणि कमरेत अशी उसण भरली, की जागच्या जागी अडकले. एक हात पाण्यात, भोवती बारा माणसं, आणि पळायला वाट नाही. या सगळ्यांचे पाय त्यांनी खुशीने दोनदा धुतले असते, पण हे एक वाक्य काही केल्या तोंडातून बाहेर पडत नव्हतं.

"माप मीच चुकीचं सांगितलं होतं," ते टबात बघत पुटपुटले.

"पाण्याला नका सांगू."

मालकांनी मान वर केली. मग सगळ्यांच्या ओळखीच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाले, "माप माझं चुकलं. मिस्त्रींची काही चूक नव्हती. रविवारी चर्चमध्ये उभा राहून हेच सांगणार आहे. आणि मिस्त्री, मला माफ करा."

बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. मिस्त्रींनी सावकाश दुसऱ्या बुटाची नाडी सोडली, मोजा काढला आणि पाय टबात ठेवला.

"जरा गरम पाणी घाला," ते म्हणाले. "आणि सोमवारी टेम्पो चर्चकडे लवकर पाठवा. बाकांचे पाय कापायला घेतो."