घरपोच शाबासकी

बिराजदार साहेब दारात दिसले की आमच्या डाळमिलमधल्या माणसांच्या घरचे लोक घाबरायचे. साहेब आमचे मॅनेजर. लातूरच्या मिलमध्ये कुणी चांगलं काम केलं की साहेब सुट्टीच्या दिवशी त्याच्या घरी जायचे. चपला बाहेर काढायच्या, तांब्याभर पाणी प्यायचं, घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसासमोर बसायचं आणि सांगायचं, "तुमचं लेकरू लई गुणाचं हाय." मग काय केलं ते सविस्तर सांगायचं, चहा घ्यायचा आणि निघायचं.

ज्याचं कौतुक, त्याला मात्र तोंडावर एक शब्द नाही. मिलमध्ये साहेब समोरून गेले तर मानही हलवायचे नाहीत. मी हिशेबाला त्यांच्याच शेजारच्या टेबलावर होतो. एकदा विचारलं, तर म्हणाले, "तोंडावर वाखाणलं की माणूस फुगतंय. घरी सांगितलं की घर फुगतंय. घर फुगलेलं बरं."

यात घोटाळे व्हायचेच. आमच्या शेषरावला मशीनच्या आवाजावरून पट्टा तुटणार हे आधी कळलं, म्हणून साहेब त्याच्या घरी गेले. सुट्टी असूनही तो दुरुस्तीसाठी कामावरच होता. मॅनेजर एकटाच भर दुपारी दारात उभा म्हटल्यावर त्याच्या बायकोनं जे समजायचं ते समजून हंबरडा फोडला. गल्ली जमली. साहेब त्या गलक्यात वरच्या पट्टीत शेषरावचे गुण सांगत राहिले, त्यामुळे तर लोकांची खात्रीच पटली. माणूस गेल्यावरच एवढं चांगलं बोलतात. शेषराव संध्याकाळी जिवंत घरी आला, तेव्हा बायकोनं आधी त्यालाच झापलं.

माझ्या बाबतीत ते थेट लातूरजवळच्या मुरुडला माझ्या सासूबाईंकडे गेले होते. काय बोलले ठाऊक नाही. पण त्यानंतर सासुरवाडीत माझ्या भाकरीवर न मागता तूप पडायला लागलं, हे खरं.

आमच्या लॅबमध्ये सविता कांबळे होती. गाडीतून आलेल्या तुरीचा नमुना घ्यायचा, ओलावा बघायचा, डागी दाणे बघायचे आणि माल घ्यायचा की नाही ते सांगायचं, हे तिचं काम. एकदा मालकांच्या मेव्हण्यानं पाठवलेली गाडी आली. तूर ओली होती. सवितानं गाडी नाकारली. मेव्हणे स्वतः आले, आवाज चढवला. ती म्हणाली, "नमुना पुन्हा काढू, तुमच्यासमोर." पुन्हा काढला, पुन्हा ओलीच. गाडी परत गेली. साहेब खिडकीतून सगळं बघत होते. बोलले काहीच नाहीत, पण रविवारी मी कामानिमित्त नांदेडला निघालोय हे कळल्यावर म्हणाले, "मी बी येतो. पुढं किनवटला जाऊ."

सविता किनवटची. तिचे वडील तिथल्या आश्रमशाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकी होते, आता निवृत्त. आम्ही रेल्वेनं पोचलो. घर नीटनेटकं, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. साहेब पाणी प्यायले आणि त्यांनी सुरू केलं. गाडी, ओलावा, मेव्हणे, काही सोडलं नाही. वडील शांतपणे ऐकत होते. सगळं संपल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजी ती नोकरी करून राहिली?"

साहेबांना काही कळेना. वडिलांनीच सांगितलं. सविता लातूरला स्पर्धा परीक्षेचा क्लास करते, एवढंच घरी माहीत होतं. ती अधिकारी होणार म्हणून त्यांनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. क्लास तिनं केव्हाच सोडला होता आणि घरी कळवलं नव्हतं. चहा आला. आम्ही तो कसाबसा प्यालो. परतीच्या वाटेत साहेब खिडकीबाहेर बघत होते. नांदेड आल्यावर एवढंच म्हणाले, "वाटोळं केलं मी."

सोमवारी सविता सरळ साहेबांच्या टेबलापाशी आली. रात्रभर रडल्यासारखी दिसत होती, पण आवाज स्थिर होता. वडील फोनवर काय बोलले ते तिनं सांगितलं नाही. ती म्हणाली, "सर, माझं काम चांगलं आहे, हे तुम्ही मला का नाही सांगितलं? परीक्षेत जमलं नाही, म्हणून इथं पडलेय, असंच मला वाटायचं. चांगलं करतेय हे कळलं असतं, तर मीच अभिमानानं घरी सांगितलं असतं."

 साहेबांनी टेबलावरचे तुरीचे चार दाणे बोटानं एकत्र केले, पुन्हा पसरले. "मला तोंडावर जमत न्हाई," ते म्हणाले. "शब्द घशातच अडकतोय. पण तू म्हणतीस ते खरं हाय." थोड्या वेळानं त्यांनी खुर्चीतून उठून, उभं राहून सांगितलं, "तुझ्यासारखं माणूस मी या लॅबमध्ये बघितलेलं न्हाई. चुकलं माझं." त्यांचे कान लाल झाले होते. सविता लॅबमध्ये परत गेली. पण कामावर यायची थांबली नाही.

बरेच दिवस तिचे वडील तिच्याशी बोलले नाहीत. मग एकदा डबा खाताना तिचा फोन वाजला. ती ऐकत होती, ऐकता ऐकता हसायला लागली. वडिलांनी विचारलं होतं, "ती गाडी खरंच मालकाच्या मेव्हण्याची होती का?"

त्यानंतर साहेबांनी घरोघर जाणं कमी केलं. लोकांसमोर उभं राहून बोलायचा प्रयत्न करू लागले. पहिले काही दिवस ते माणसाऐवजी त्याच्या मशीनकडे बघून बोलायचे. शेषरावला तर वाटलं, साहेब पट्ट्याला शाबासकी देतायत.

साहेब लातुरात एकटेच खोली करून राहायचे. त्यांच्या बायको नातू झाल्यापासून हैदराबादला मुलाकडे होत्या. दर महिन्याला तिथून शेंगाच्या चटणीचा डबा यायचा, एवढंच आम्हाला माहीत. एक दिवस दुपारी मला साहेबांच्या बायकोचा फोन आला. त्या माझ्याशी आधी कधी बोललेल्या नव्हत्या. मुलाकडून नंबर घेतला, म्हणाल्या.

"भाऊ, साहेबांची तब्येत बरी हाय ना? खरं सांगा."

मी म्हटलं, बरी आहे, समोर आवारात मालाची गाडी बघतायत. का?

"सकाळी फोन केला होता. चटणी लई चांगली झाली म्हणले. इतक्या वर्षांत कधी म्हणले न्हाईत, म्हणून भ्या वाटलं."

मी पुन्हा सांगितलं, काही झालेलं नाही, खरंच चांगली झाली असेल.  मागं नातवाचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, "त्यांना सांगू नका मी विचारलं म्हणून. पुढच्या आठवड्यात येते मी, म्हणावं."