मागच्या सीटवर ऐकू येत नाही

सांडूचं म्हणणं एवढंच होतं, की माणसानं डोक्यात हेल्मेट घालावं, हेल्मेटात माणसं घालू नयेत. पण ऐकतो कोण? होणाऱ्या जावयानं, बुद्धभूषणनं, साखरपुड्याची भेट म्हणून सासऱ्याच्या हेल्मेटात ते यंत्र बसवून दिलं होतं. कानांशी दोन चपटे स्पीकर, तोंडासमोर वाटाण्याएवढा माइक आणि बाहेरून काडेपेटीएवढी काळी डबी. खिशातल्या फोनशी तिचं परस्पर जुळलेलं. ते चिकटवताना दुकानातल्या साकिबनं समजावलं होतं, "चचा, तुमने कुछ नै करने का. फोन आया की टिंग वाजतंय, और खुद उठाता."

"आन मला नसंल उचलायचा तर?"

"तो भी उठाता!" साकिब अभिमानानं म्हणाला.

पहिल्याच दिवशी मुकुंदवाडीहून कंपनीत पोचेपर्यंत एका प्लॉटवाल्यानं सांडूच्या कानात अख्खा लेआउट उलगडला. दोन्ही हात हँडलवर, मग फोन बंद करणार कसा? संध्याकाळी घरी आल्या आल्या सांडूनं हेल्मेट टेबलावर आपटलं.

"काढून टाका हे! माझ्या डोक्यात कोणीबी घुसतंय!"

"हळू! जावयाची वस्तू आहे," त्याची बायको सरिता म्हणाली. यंत्र राहिलं. बॅटरी उतरली की तेही टिंग वाजवायचं, त्यामुळं कुठलं टिंग कशाचं हे सांडूला शेवटपर्यंत उमगलं नाही.

अशात निशानं, म्हणजे नवऱ्या मुलीनं, स्वतःच्या लग्नाची पत्रिका घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. छापील पत्रिका बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोसमोर ठेवून झाली, की पुढची थोरल्या भावाच्या हातात, जोडीनं जाऊन द्यायची, ही या घराची रीत. थोरला भाऊ कडुबा, पिशोरला. त्यानं मोबाइलवर पत्रिका पाहिली. लगेच सगळ्यांच्या फोनवर एक ओळ उमटली, की कडुबा यांनी ग्रुप सोडला.

त्यानंतर त्यानं कोणाचाच फोन घेतला नाही. लग्न रविवारवर आलेलं. निशा रडरडून सुजली. "मोठेबाबा आले नाय तर मी लग्नाला उभीच राहणार नाय," ती म्हणाली, आणि ती बापासारखीच हट्टी असल्यामुळं ते खरं होतं.

म्हणून शुक्रवारी सकाळी सांडू आणि सरिता मोटारसायकलवर पिशोरला निघाले. पुढं सांडू, हेल्मेटात. मागं सरिता, वाऱ्यासाठी कानांवरून स्कार्फ घट्ट गुंडाळलेली, मांडीवर पत्रिकांची पिशवी.

शहर मागं पडलं. घाट चढताना त्याचा पारा चढला. खुलताबाद ओलांडल्यावर तो फुटलाच. नेमकं तेव्हाच कानात टिंग वाजलं. "हिची बॅटरी!" म्हणून त्यानं दुर्लक्ष केलं आणि मान किंचित मागं वळवून सुरुवात केली.

"थोरला झाला म्हणून काय डोक्यावर बसंल का?"

"अं?" मागून सरिता ओरडली.

"डोक्यावर बसंल का म्हणलं!" सांडूनं दुप्पट आवाजात सांगितलं. "साखरपुड्यात चार माणसात म्हणला, वरणात पाणी लई! हे बोलणं शोभतं का?"

"अं?"

"वरण! पाणी! चार माणसात!"

अशी प्रत्येक तक्रार दोनदा होत गेली, दुसऱ्यांदा जास्त खणखणीत. कडुबाला डॉक्टरनं साखर बंद केली, तर त्यानं पाहुण्यांचीही बंद केली. घरी गेलं की स्वतः बाजेवर पसरतो आणि सख्ख्या भावाला पाय वाकलेली प्लास्टिकची खुर्ची देतो. गेल्या खेपेला सांडू तिच्यावरून पडला, तर म्हणाला, वजन कमी कर.

"खुर्ची, खुर्ची! पाय वाकलेली!"

"मागच्या सीटवर काय बी ऐकू येत नाय हो!"

"पोरीनं एक बटन दाबलं तर ह्याचा मान गेला! ग्रुप सोडतो! सोड म्हणावं! लग्न काय त्याच्या वाचून अडतंय व्हय?"

हेही दोनदा झालं. मग रस्ता खराब लागला, गाडी हळू झाली आणि सांडूचा आवाजही खाली आला. आता तो मान न वळवता, समोर बघतच बोलत होता.

"आबा गेले तव्हा मी दहावी नापास. ह्यानंच सायकलवर डबल सीट बसवून शहरात आणलं. कंपनीच्या गेटापाशी आत घेईपर्यंत उन्हात उभा राहिला. आता रविवारी पोरगी उभी राहील, अन् मला रडू आलं तर मी कोणाकडं बघू? त्यो नसंल तर मला बापच नसल्यासारखं व्हईल."

"अं? काय म्हणलात?"

"काय नाय!" सांडू खेकसला. हे मात्र त्यानं दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

पिशोरला पोचले तर कडुबा ओट्यावरच, बाजेवर, पालथ्या हाताखाली मोबाइल दाबून बसलेला. शेजारी त्याचा जुना दोस्त कमरोद्दीन. दोघांचे चेहरे कोर्टातल्यासारखे. "जय भीम, दादा," म्हणून सांडू वाकला. कडुबानं मान हलवली आणि नुसतं बोट दाखवलं. समोर लाकडी, हातांची, गादीची खुर्ची होती.

"ही कोणाची?" सांडूनं विचारलं.

"माझी हय," कमरोद्दीन म्हणाला. "कडुबाभाई बोले, लाव इथं."

गावात बाजाराचा दिवस होता, आणि दारात ठेवलेल्या हेल्मेटांना अशा गर्दीत पाय फुटतात, म्हणून सांडू ते मांडीवर घेऊन खुर्चीत बसला. चंपावहिनींनी चहा आणला. एका घोटात सांडूचे दात शिवशिवले. पाक होता नुसता.

"साखर पुरंल ना?" कडुबानं विचारलं.

"लई झाली, दादा."

"नाय, पुरती का ते विचारतोय. सैपाकात वरण बी केलंय. पाणी घातलेलं नाय. सुरीनं कापून खा."

सांडूनं चमकून सरिताकडं पाहिलं. सरिता पिशवीतून पत्रिका काढत होती, तिला यात काही वावगं दिसत नव्हतं.

"चहा संपीव," कडुबा म्हणाला.

"चहा संपीव," सांडूच्या मांडीवरचं हेल्मेट कडुबाच्याच आवाजात म्हणालं.

सांडूनं हळूच हेल्मेट उलटं करून आत पाहिलं.

"आता तरी ठेव म्हणलं फोन," कडुबा म्हणाला, आणि हेल्मेटानंही त्याच्या मागोमाग तेच सुनावलं. "माझं चार्जिंग संपाय लागलं. तुम्ही निघाल्याचं कळलं, म्हणून येऊ नको सांगाया मी फोन केला, तर मला बोलायला जागाच भेटली नाय! येक गोष्ट दोन-दोन टाईम! मी काय बहिरा हाय का?"

"दादा, ते मी हिला..."

"अन् तू पडलास तव्हा मी वजन कमी कर म्हणलो, ते तुझ्या भल्याचं नव्हतं का? त्या खुर्चीवर मी सवता बसतो, मला काय होत नाय!" कडुबा उठून उभाच राहिला. "फोन स्पीकरवर व्हता, सगळ्या ओट्यानं ऐकलं! हा कमऱ्या हसत होता!"

"शुरू में हसलो," कमरोद्दीन म्हणाला. "पर कडुबाभाई, पुरं सांगा ना. आखिरचं बी तर ऐकलं आपण."

"गप रे," कडुबा म्हणाला आणि पाठ फिरवून उगाच बाजेची दोरी ओढायला लागला. चंपावहिनींनी डोळ्यांना पदर लावला. "धूर झाला," त्या म्हणाल्या. स्वयंपाक गॅसवर होता.

"आखिरचं काय?" सरितानं विचारलं. मग ती सांडूकडं वळली. "अहो, काय म्हणला होतात तुम्ही?"

"काय नाय," सांडू खुर्चीच्या गादीला म्हणाला.

कडुबानं जोडीच्या हातून पत्रिका घेतली, चष्मा लावून वाचली आणि छपाई फिक्की असल्याचं सांगितलं. येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही. वरण खरोखरच कापून खावं लागलं.

निघताना सरिता अडून बसली. "ते हेल्मेट मला द्या. सगळ्या गावाला ऐकू येतंय, अन् मागं बसून मलाच काय समजत नाय." कडुबा घरात गेला आणि स्वतःचं पिवळं, पोपडे आलेलं हेल्मेट घेऊन आला.

"हे तू घाल," तो सांडूला म्हणाला. "हरवशील तर बघ. रविवारी घेईन मी वापस."

"रविवारी?"

"कानात बी यंत्र लागतं का आता तुला?"

खुलताबादच्या अलीकडं सरिताच्या कानात टिंग वाजलं. ती बोलायच्या आत पलीकडून कडुबाचा आवाज आला, घाईघाईनं, जणू पाठ केलेलं विसरायच्या आत.

"सांडू, मधी बोलू नको. तोंडावर मला जमत नाय. बाप नसल्यासारखं व्हईल म्हणलास ना? त्या दिशी गेटापाशी मी उन्हात नव्हतो उभा. झाडाखाली बसून रडत होतो, की पोरगं आत गेलं, आता घरी मी एकटा. रविवारी मला बी रडू येणार हाय. तू माझ्याकडं बघू नको, मी तुझ्याकडं बघत नाय. दोघं मिळून सरिताकडं बघू. ती धड माणूस हाय. ठेवतो."

पिवळं हेल्मेट अर्धवट मागं वळलं. "कोणाचा फोन व्हता गं? काय म्हणलं?"

सरितानं स्कार्फचं टोक काचेखालून आत सारून डोळे पुसले.

"काय नाय!" ती ओरडली. "पुढं बघून चालवा!"