ओबरमाटचं हवामान-पाणी

ओबरमाट गावच्या गायकमंडळाला गाण्याआधी घोटभर साधं पाणी हवं होतं आणि लिनुस ब्रुडरर नेमकं तेवढंच द्यायला तयार नव्हता.

गावाबाहेरच्या कचराभट्टीच्या छपरावर एका कंपनीने भलेमोठे पंखे बसवले होते. ते हवा ओढत आणि तिच्यातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढत. थोडा वायू शेजारच्या काचघरातल्या काकड्यांना जाई, उरलेला बाटल्यांतल्या फसफसत्या पाण्यात. लिनुस कंपनीचा प्रसिद्धीप्रमुख. त्याला हवेतलं फारसं कळत नसे, पण हवा करणं छान जमे.

आज प्रांताच्या मंत्रीणबाई येणार होत्या. त्यांना पटलं, तर पंखे शेजारच्या गावांतही फिरणार होते. गाणं आवडलं, तर मंडळाला प्रांताच्या महोत्सवात जागा मिळणार होती. त्या जागेसाठी मंडळाची संचालिका थेरेस हिने निम्मं आयुष्य या जाड्या आवाजांवर घासलं होतं.

"ब्रुडररसाहेब, सभागृहाचे नळ का बंद केलेत?"

"आज फक्त आमचं पाणी! फोटोत बुडबुडे दिसावेत म्हणून गॅस दुप्पट भरायला लावलाय."

"अहो, गाण्याआधी सोडा प्यायचा?"

"सोडा नाही हो, थेरेसबाई. हवामान-पाणी म्हणा! एकेक घोट म्हणजे पृथ्वीवर उपकार."

बाहेर जूनचं ऊन होतं आणि मंडळाच्या अंगात लोकरीची काळी जाकिटं. आवाज घुमावा म्हणून खिडक्याही लावलेल्या. खर्जातला कोनी खाटिक म्हणाला, "थेरेस, तहानेने मरण्यापेक्षा उपकार केलेला बरा." त्याने उभ्या उभ्या पृथ्वीवर पाऊण बाटली उपकार केले. बाकीचेही मागे राहिले नाहीत. काकडीच्या चकत्या होत्याच, त्याही फस्त झाल्या.

मंत्रीणबाई आल्या, पहिल्या रांगेत बसल्या आणि गाणं सुरू झालं. पहाडातल्या संध्याकाळचं संथ गाणं. पहिलं कडवं सुरेख झालं. दुसऱ्यानंतर सगळ्यांनी श्वास रोखून थांबायचं होतं. दरीतली शांतता ती.

त्या शांततेत कोनीला ढेकर आला.

तो साधासुधा नव्हता, खर्जातला होता. लगेच डावीकडून एक बारीक आला, मागून दोन जोडीने आले, आणि दरी चांगलीच दुमदुमली. थेरेसचे हात हवेतच राहिले.

लिनुस धावत मंचावर चढला. "मान्यवरहो, आम्ही हवेतला वायू कायमचा पकड—" पुढचं अक्षर वर आलंच नाही. जे आलं, ते त्याला दाबता आलं नाही.

मंत्रीणबाईंनी शांतपणे विचारलं, "पकडलेला वायू बाटलीतून कुठे जातो म्हणालात?"

"पोटात, बाई."

"आणि पोटातून?"

कोनीने तोंडावर मूठ धरली, पण उत्तर बोटांच्या फटीतून निसटलं.

सभागृह खदखदून हसलं. थेरेस मात्र हसली नाही. तिने स्वतः जाऊन नळ उघडला, मंडळाला साधं पाणी पाजलं, पोटं निवेपर्यंत सगळ्यांना बाहेर उभं केलं आणि मग गाणं पहिल्या ओळीपासून पुन्हा घेतलं. या वेळी दरीत चिटपाखरूही हललं नाही. मागच्या रांगेतल्या एका म्हातारीने डोळे पुसले.

जाताना मंत्रीणबाई थेरेसजवळ थांबल्या. "महोत्सवाला या."

"आम्ही? एवढं सगळं झाल्यावर?"

"तिथलं पाणी आमचं असेल."

लिनुस घाईघाईने आडवा आला. "आणि बाई, आमचे पंखे?"

"पंखे राहू द्यात," त्या म्हणाल्या. "पण गॅस सिमेंटात घाला, दगडात घाला. जिथून तो उलटून बोलणार नाही, अशा ठिकाणी घाला."