रुपचंदच्या कॉम्प्युटरमधले हिलाल आबा

"विंडोज गेलं उडत!" एरंडोलच्या पेठेत, चहाच्या टपरीवर उभं राहून रुपचंदने जाहीर केलं. "आजपासून आपल्या दुकानात लिनक्स! फुकटचं, व्हायरस नाही, अन् कुणाच्या बापाची भीती नाही!"

आता हे शेवटचं त्याने बोलायला नको होतं. पण रुपचंदच्या तोंडाला लगाम कोण घालणार? सख्खी बायको रोहिणी थकली, तिथे तुम्ही-आम्ही कोण!

रुपचंदचं दुकान पत्रिकांचं. लग्नाची पत्रिका, वाढदिवसाचा बॅनर आणि माणूस गेला की सुतक फिटतं त्या गंधमुक्तीची पत्रिका. जुन्या विंडोजचे अपडेट बंद झाले, तेव्हा जळगावच्या मेव्हण्याने, जगदीशने, पेनड्राइव्हमधून लिनक्स टाकून दिलं. "दाजी, सगळं मराठीत करून दिलंय. डोळे मिटून वापरा!" असं म्हणून तो गेला, आणि रुपचंदचे डोळे पांढरे व्हायला सुरुवात झाली.

पत्रिका बनवायचं जुनं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालेना. त्याच्या बदल्यात एक घेतलं, त्यात फोटो उलटे. दुसरं घेतलं, त्यात जुन्या फाईली उघडल्या खऱ्या, पण अक्षरांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी! गावातली सगळी मेलेली माणसं होती तिथे फोटोत हात जोडून उभी, आणि खाली नावंच गायब. रुपचंदच्या अंगावर सर्रकन काटा आला.

तरी गडी हटला नाही. तिसरं सॉफ्टवेअर जमलं, आणि त्यात त्याने पहिलीच पत्रिका केली ती नुकत्याच वारलेल्या हिलाल आबांच्या गंधमुक्तीची.

पत्रिका एक, पण फाईली दोन! कारण आबांची मुलगी मेघा. तिने धुळ्यात आपल्या पसंतीने लग्न केलं, तेव्हापासून तिला घराचा उंबरठा बंद. आबांची बायको प्रमिलाबाई गुपचूप सांगून गेल्या होत्या, "शोकाकुलमध्ये पोरनं नाव टाक." आणि थोरला मुलगा धर्मेंद्र फोनवर ओरडला होता, "टाकून तर बघ!" ज्याचं नाव पत्रिकेत नाही, त्याने गंधमुक्तीच्या मांडवात कुठल्या तोंडाने यायचं? म्हणजे मेघाला बापाला शेवटचा नमस्कारही नाही. रुपचंदने एका फाईलचं नाव ठेवलं 'हिलाल आबा', दुसरीचं नाव 'मेघा', आणि दोन्ही डगरींवर पाय ठेवून बसला.

त्या दिवशी भर दुपारची वेळ. मे महिन्यातली खानदेशी दुपार, मंडळी! पेठेत चिटपाखरू नाही. शटर अर्धं ओढलेलं, आत अंधार. रुपचंदने कीबोर्डवरची धूळ गळ्यातल्या रुमालाने खसाखसा पुसली, आणि मागून आवाज आला.

"हिलाल आबा."

रुपचंद ताठ! आवाज सपाट, नाकातला, पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलावं तसा. घशाच्या ऑपरेशननंतर आबा अगदी असेच बोलायचे!

"क... कोण?" त्याने माऊस हलवला.

"मदत," आवाज म्हणाला. "मदत."

"आबा, मी काय मदत करणार? मी साधा पत्रिकावाला!"

"कचरापेटी. रिकामी."

रुपचंदने दारावरचं लिंबू-मिरची काढून कॉम्प्युटरला बांधलं. जगदीशला फोन लावला, तर तो उचलेना. तेवढ्यात शटर खडखडलं आणि वाकून आत आले धर्मेंद्र आणि प्रमिलाबाई.

"रुपचंद," धर्मेंद्र गरजला, "तू मेघाच्या नावाची पत्रिका केलीय म्हणे? माझ्यासमोर पुसून टाक! नामोनिशाण राहायला नको!"

प्रमिलाबाई पदराचं टोक मुठीत धरून भिंतीशी उभ्या राहिल्या. रुपचंदला वाईट वाटलं, पण धर्मेंद्रचे दंड बघून ते त्याने मनातच ठेवलं. फाईल धरली आणि कायमचं पुसायचं बटण दाबलं.

"मेघा," आवाज आला.

धर्मेंद्रचं तोंड उघडं ते उघडंच.

"मेघा कायमची हटवायची याची खात्री आहे? हटवल्यास कायमची गमावाल."

धर्मेंद्रच्या कपाळावर घामाचे थेंब जमले. "आ... आबा?"

"रद्द करा," आवाज म्हणाला.

रुपचंदचं बोट भीतीने बाणाच्या बटणावरच अडकलं. "हटवा. रद्द करा. हटवा. रद्द करा."

"चिडले! आबा चिडले!" धर्मेंद्र मटकन स्टुलावर बसला, स्टूल मोडलं, आणि एवढा आडदांड गडी जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडायला लागला. "चुकलो आबा! नाही हटवत! राहू द्या तिचं नाव!"

"धर्मा," प्रमिलाबाई शांतपणे म्हणाल्या, "आयकं ना? तुना बाप काय सांगी राहिना?"

"ऐकलं, माय! आत्ता फोन करतो मेघाला!" असं म्हणत धर्मेंद्र शटरखालून रांगत बाहेर पडला. चपला तिथेच राहिल्या.

नेमका तेव्हा जगदीशचा फोन आला. सगळं ऐकून तो खो खो हसला. "दाजी, भूतबित काही नाही! रुमालाने बटणं दाबली गेली असतील. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी कॉम्प्युटर स्क्रीनवरचं वाचून दाखवतो. तीच बटणं परत दाबा, गप्प होईल."

रुपचंदचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच वर आला. समोर प्रमिलाबाई! फोनचा आवाज मोठा होता, त्यांनी सगळं ऐकलेलं. बिचारीची केवढी निराशा झाली असेल! तो खालच्या मानेने म्हणाला, "काकू, माफ करा. ते आबा नव्हते."

"माले माहीत शे," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"आँ? कधीपासून?"

"पहिलापासून. पोरले घरबाहेर त्यास्नीच काढं. रद्द करा म्हणनारा मानूस नव्हता तो." त्यांनी डोळे पुसले, पदर सावरला आणि कॉम्प्युटरकडे निरखून पाहिलं. रुपचंद आवाज बंद करायला वाकला, तसा त्यांनी त्याचा हात धरला.

"राहू दे आठ दिन," त्या हळूच म्हणाल्या. "आजून वावरनी वाटनी बाकी शे."